अर्धांगवायूचा पेशंट रिहॅबमधून घरी आला? या चुका टाळा

डिस्चार्जच्या वेळी व्यायामांचा कागद मिळतो, गोळ्यांची यादी मिळते. भेटायला येणाऱ्या माणसांचं काय करायचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. घरी आल्यावरचे बरेच घोळ तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पेशंटच्या देखत त्याच्याविषयी बोलणं. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की उजवी बाजू लुळी पडते आणि पुष्कळदा बोलणंही अडतं. शब्द सापडत नाहीत, तरी समोरच्याचं बोलणं अनेकांना बरंचसं कळत असतं. आणि पाहुणे विचारतात बायकोला, ‘आता ओळखतात का हो?’ तिने सरळ म्हणावं, ‘त्यांनाच विचारा.’ एका वेळी एकानेच बोलावं, टीव्ही बंद करून, छोट्या वाक्यांत. ओरडू नये, कान शाबूत आहेत. ‘काय घेणार?’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘चहा की सरबत?’ विचारा आणि थांबा. शब्द जुळवायला वेळ लागतो. आपण तो तोंडातून काढून घेतला की पुढच्या वेळी माणूस प्रयत्नच सोडतो.

दुसरी चूक भिडेची. कोणाला नाही कसं म्हणायचं, म्हणून दिवसभर वर्दळ. पेशंट लवकर थकतो, तेव्हा फॅमिली ग्रुपवर भेटीची वेळ टाकून मोकळं व्हा. राग येईल त्याला येऊ द्या. गिळायला त्रास असेल तर पाहुण्यांच्या हातून चहा-पाणीसुद्धा नको. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊ शकतात. लुळा हात ओढून कोणी उठवू नये, खांदा निखळतो. लकव्यावर उपाय म्हणून पारव्याचं मटण सुचवणारे एक काका प्रत्येक घरात असतात, त्यांचं ऐकून घ्यावं आणि विषय बदलावा.

मधेच रडू किंवा हसू फुटतं, तो आजाराचाच भाग असू शकतो. गलका करू नका. पण उदासी दोन आठवडे हटली नाही, जेवण-झोप उडाली, तर डॉक्टरांना सांगा. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य गाठतं.

सगळं एकटीवर टाकणं, ही चूक आपल्याकडे चूक मानलीच जात नाही. बहुतेक घरांत ती बायको असते किंवा सून. भिशी सुटते, माहेर सुटतं, आणि नातेवाईक फोनवर म्हणतात, ‘काही लागलं तर सांग.’ तिने संकोच न करता सांगावंच: रविवारी दुपारी तीन तास येऊन बसा, बँकेचं काम करून द्या. ब्युरोची मावशी परवडत असेल तर ठेवा. त्यात सेवा कमी पडते असं कोणी म्हणालं, तर एक रात्रपाळी त्यांना द्यावी.

घाईने नोकरीचा राजीनामाही देऊ नका. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 20 प्रमाणे एरवी कामावरून काढता येत नाही, हुद्दाही उतरवता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यावं लागतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के अपंगत्व लागतं.