मिरवणुकीत कॅमेरा पॉवर बँकेवर

बडोद्याच्या दांडिया बाजारात गणपतीची मिरवणूक तासन्‌तास चालते. कॅमेऱ्याची छोटी बॅटरी तेवढी टिकत नाही. बॅटरीच्या खणात डमी बॅटरी (बॅटरीच्याच आकाराचा, वायर जोडलेला नुसता ठोकळा) बसवा, तिची वायर झाकणाजवळच्या रबरी खाचेतून काढा आणि पॉवर बँकेला जोडा.

७.२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ दाखवते, म्हणून सरळ ९ व्होल्ट देऊ नका. रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारं सर्किट) असलेलीच डमी घ्या. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे, आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने, ३७ वॉट-तास. गळती वजा जाता ३० धरा. ५ वॉट खाणारा कॅमेरा सहा तास चालेल.

मध्येच बंद पडला तर आधी केबल बघा. लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. केबल ट्रायपॉडला सैल वळसा देऊन बांधा; गर्दीत हिसका बसला की चालू व्हिडिओ क्लिप बहुधा गेलीच.