रिसर्चचा चार्ट काढताना आधी हे बघा

एक्सेल उघडायच्या आधी एका वाक्यात लिहा की तुम्हाला नेमकं काय सापडलं, आणि तेच वाक्य चार्टचं टायटल करा, "वयानुसार उत्पन्न" असलं काहीतरी मोघम नको.

मग कच्चा डेटा ठिपक्यांत मांडून बघाच. १९७३ साली अँस्कोम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने चार डेटासेट दाखवले होते, सगळ्यांची सरासरी, कोरिलेशन (दोन आकडे किती सोबत बदलतात त्याचं माप) जवळपास सेम, पण ग्राफ काढला की एक सरळ रेषेत, एक वाकडा, आणि उरलेल्या दोघांत एकच पॉइंट सगळं गणित ओढून नेतो, हे नुसत्या टेबलात दिसतच नाही.

बार चार्टचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा, यात तडजोड नको. ५२ आणि ५५ चे बार ५० पासून काढले तर दुसरा अडीचपट उंच दिसतो, ही सरळ दिशाभूल झाली! लाईन चार्टला मात्र हे बंधन नाही.

लेजंड (कोणता रंग कशाचा हे सांगणारी चौकट) काढून टाका आणि नावं रेषेच्या टोकालाच लिहा, लाल-हिरवी जोडी टाळा कारण बऱ्याच रंगांधळ्या लोकांना ती वेगळी ओळखता येत नाही, निळा-केशरी चालतो. थ्रीडी पाय चार्ट तर नकोच.

एरर बार (आकडा किती वर-खाली होऊ शकतो ते दाखवणाऱ्या छोट्या रेघा) दिलेत तर ते एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत) आहेत की कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा साधारण कुठल्या पट्ट्यात असावा) ते खाली लिहा, प्लीज.