सायकल ट्रॅक रिकामा का राहतो? रस्ता करताना या चुका टाळा

गेली सत्तावीस वर्षं मी सांगलीत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतोय. दुरुस्तीला आलेलं चाक बघितलं की ते कुठल्या रस्त्यावरून आलंय, हे साधारण सांगता येतं. मागच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात तीन सायकली आल्या. तिन्हींचं पुढचं चाक आऊट, फोर्क किंचित मागे गेलेला. तिघांनाही विचारलं, कुठं पडलासा? तिघांचं उत्तर एकच: गटारीची जाळी. पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या आणि मधली फट सायकलच्या टायरपेक्षा रुंद. मोटारसायकल वरून निघून जाते, सायकल आत अडकते. पाणी साचलं असेल तर फट दिसतही नाही.

ती जाळी आडवी बसवायला एक पैसा जास्त लागला नसता. सायकलसाठी रस्ते करताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका अशाच फुकट टाळता येण्यासारख्या असतात, पण नकाशा काढणारा माणूस गाडीत बसून विचार करतो. शहरं आता सायकल ट्रॅकसाठी, पदपथासाठी निधी काढायला लागली आहेत. आपल्याकडे असा निधी आला की तो कुठे वाया जातो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ट्रॅक आहे, पण सायकलवाला रस्त्यावरूनच जातो

हे सगळ्यात नेहमीचं लक्षण. आणि यावर सगळ्यात नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे सायकलवाल्याला शिव्या. पुण्यात बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका करण्याच्या काळात रस्त्यांच्या कडेने सायकल ट्रॅक झाले, २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. तरी आज तिथल्या कितीतरी ट्रॅकवर गाड्या लागलेल्या, टपऱ्या थाटलेल्या दिसतात. मध्येच विजेची पेटी, मध्येच झाड, मध्येच बसथांबा. सायकलवाला हुशार असतो. दर शंभर फुटांवर उतरायला लावणारी वाट तो दुसऱ्या दिवशी सोडून देतो.

चूक किलोमीटर मोजण्यात आहे. 'अमुक किलोमीटर ट्रॅक पूर्ण' हे उद्घाटनाच्या फलकावर छान दिसतं, पण ते किलोमीटर एकमेकांना जोडलेले नसले तर त्यांचा उपयोग शून्य. याचं उलट उदाहरण स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं. आपल्यासारखंच नदीकाठचं, सपाट, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार नेणारं गाव. तिथे २००६ नंतर थोड्याच काळात सुमारे ८० किलोमीटरचं जाळं एकदमच केलं, आणि ते सलग ठेवलं. सायकलवरच्या फेऱ्यांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता, तो काही वर्षांत ६ टक्क्यांच्या घरात गेला. 'आपल्याकडे ऊन फार, कोण चालवणार सायकल' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. साताऱ्याच्या माणसाने चढाचं कारण सांगितलं तर मी ऐकून घेईन, पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे पायडल मारताना दम लागतोच. सांगलीकराला ती सवलत नाही.

मग मोजायचं काय? माझं माप सोपं आहे. घरातून निघून पोचेपर्यंत सायकलवाल्याला पाय किती वेळा टेकवावा लागला, ते मोजा. सिग्नलचं थांबणं सोडून द्या. बाकीचा प्रत्येक टेकलेला पाय म्हणजे रचनेतली एक चूक. पैसे कमी असतील तर चार पेठांत चार तुकडे करू नका. सांगली-मिरज रस्ता किंवा कुपवाडच्या एमआयडीसीकडे पाळीवर जाणाऱ्यांचा रस्ता असा एकच धरा आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण करा. २०११च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्या लोकांपैकी देशभरात सुमारे १३ टक्के लोक कामाला सायकलने जात होते. रविवारी हेल्मेट घालून हरिपूरला जाणाऱ्या हौशी मंडळींबद्दल माझा आकस नाही, त्यांच्या महागड्या सायकलींवर माझं दुकान चालतं. पण ट्रॅक आखायचा तो डबा लावून कामाला जाणाऱ्यासाठी.

सरळ रस्त्यावर सुरक्षित, चौकात जीव मुठीत

बहुतेक ट्रॅक चौकाच्या तीस-चाळीस फूट आधी संपतात. जिथे धोका सुरू होतो, तिथे सोय संपते. खरं तर सरळ रस्त्यावर काही नसलं तरी माणूस कडेकडेने जातो. मरण असतं ते वळणावर.

आपण डावीकडून चालतो. सायकल रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ निघालेली असते आणि शेजारचं वाहन डावीकडे वळतं. ड्रायव्हरला आरशात सायकल दिसत नाही, सायकलवाल्याला वाहन वळेल असं वाटत नाही. आपल्या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने यात उसाच्या ट्रॅक्टरची भर पडते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाही, ती आत कापत येते. ट्रॅक्टर गेला म्हणून सायकलवाला पुढे सरकतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते. मागे रिफ्लेक्टर नाही, कर्कश गाणी लावलेली, हाक मारली तरी ऐकू जात नाही.

ट्रॅक्टरला जागा हवी म्हणून आपण चौकाचे कोपरे मोठे गोल करतो, आणि तिथेच चुकतो. गोल कोपऱ्यावर ट्रॅक्टर आरामात वळतो, पण बाकीच्या कार आणि मोटारसायकलीही वेग न सोडता वळतात. उपाय दोन्हींना धरून निघतो. कोपरा घट्ट, म्हणजे कमी गोल ठेवायचा आणि त्याच्या पुढे थोडा उंचावलेला, खडबडीत दगडी पट्टा द्यायचा. ट्रॅक्टरचं मागचं चाक त्यावरून जाऊ शकतं, पण कारवाल्याला तिथून जाणं नकोसं वाटतं, म्हणून तो वेग कमी करून बाहेरून वळतो.

दुसरं, सायकलची वाट चौक ओलांडते ती जागा मुख्य रस्त्यापासून एका कारच्या लांबीइतकी आत घ्यावी. वळणारी कार आधी पूर्ण वळते आणि मग तिच्या समोर सायकल काचेतून दिसते, आरशात शोधावी लागत नाही. हॉलंडमध्ये चौक असेच केलेले असतात. तेही काही सायकलचं जन्मजात गाव नव्हे. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा रस्ते बदलायला लागले.

तिसरं, छोट्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक खाली उतरवून पुन्हा वर चढवू नका. ट्रॅक आणि पदपथ त्याच उंचीवर सरळ न्या, गल्लीतून येणारी गाडी चढून-उतरून जाईल. शंभर फुटी रस्त्यासारख्या ठिकाणी किती गल्ल्या येऊन मिळतात ते मोजा. प्रत्येक ठिकाणी कोणी तरी चढ-उतार करायचाच आहे, तर तो इंजिनवाल्याने करावा.

ट्रॅकवर सायकलीपेक्षा मोटारसायकली जास्त

यावर लगेच लोखंडी खांब ठोकले जातात. एक गोष्ट टेप घेऊन मोजून बघा. साध्या सायकलचं हँडल साधारण दोन फूट रुंद. स्कूटरचं त्याहून दोन-चार इंचच जास्त. म्हणजे ज्या फटीतून सायकल सुखाने जाईल, त्यातून स्कूटरही जाते. आणि खांब जवळ आणून स्कूटर अडवलीत, तर दुधाच्या किटल्या लावलेली सायकल अडते, व्हीलचेअर अडते. खांब कारला थांबवतात, मोटारसायकलला नाही.

मोटारसायकल ट्रॅकवर येते, कारण मुख्य रस्ता तुंबलेला असतो किंवा दुभाजक लांबवर तोडलेला असल्यामुळे उलट्या दिशेने येणं सोयीचं पडतं. दुभाजकाला कुठे वाट हवी आहे ते बघा. ते दुरुस्त झालं की अर्धी गर्दी उतरते. उरलेल्या अर्ध्यांना पावतीच फाडावी लागते, तिथे रचना काही करू शकत नाही.

फक्त रंग मारला

हिरवा पट्टा ओढला, सायकलचं चित्र काढलं, फोटो झाला. चार दिवसांनी तिथे वडापावची गाडी. जिथे वाहनं ताशी ५०ने जातात तिथे रंग कोणालाच वाचवत नाही, मध्ये काहीतरी उंच, घट्ट हवं. गुळगुळीत रंग पावसात निसरडाही होतो, वळणावर तर नकोच.

पण गल्लीबोळांत वेगळा ट्रॅक करायची गरजच नसते, तिथे वेग कमी करायचा. वेग निम्मा केला की धडकेचा जोर चौथाई होतो, हे शाळेतलं गणित आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. ताशी ३० चा फलक लावून हे होत नाही. रस्ता अरुंद वाटला पाहिजे, मध्ये वळण आलं पाहिजे.

आणि स्पीडब्रेकर म्हणजे डांबराचा ढिगारा नव्हे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे लांब, सौम्य. आपल्याकडे कॉलनीतले लोक रात्रीतून हातभर रुंदीचा उंचवटा घालतात. कारला तो हिसका देतो, सायकलचे स्पोक तोडतो. म्हणून सायकलवाला कडेच्या फटीतून जायला बघतो, आणि त्या फटीत गटार असतं. परत माझ्या दुकानात.

पेव्हर ब्लॉक, झाकणं आणि बाकी बारीकसारीक

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नीट दबाई न करता बसवलेले पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत दातासारखे हलायला लागतात. अशा ट्रॅकवरून रोज जाणाऱ्याच्या सायकलचे मडगार्डचे नट ढिले होऊन येतात, बेअरिंग खडखडतं. सायकलसाठी गुळगुळीत डांबर किंवा काँक्रीटच बरं. दिसायला साधं, पण चालतं.

ट्रॅक चढायच्या-उतरायच्या जागी 'फक्त अर्धा इंच' राहिलेली पायरी तिरकी घेतली तर पाडते. चेंबरचं झाकण डांबरीकरणानंतर खड्ड्यात राहतं. कार उभी करायची जागा ट्रॅकला चिकटून ठेवली, तर दार उघडलं की सायकलवाला दारावर. मध्ये दाराएवढी मोकळी पट्टी सोडायची.

उद्घाटनानंतर झाडू नाही

ट्रॅक रस्त्यापासून वेगळा केला की गाड्यांच्या वाऱ्याने काच आणि खडी तिथेच जाऊन पडते, आणि झाडणारं मोठं यंत्र आत शिरत नाही. पंक्चर वाढतात. मला धंदा होतो, पण ट्रॅक मरतो. सांगलीत तर पुराचाही विचार हवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर गाळ राहतो. मुख्य रस्ता आधी धुतला जातो, कडेचा ट्रॅक सगळ्यात शेवटी. म्हणून झाडलोट, गाळ काढणं आणि फुटलेले रिफ्लेक्टर बदलणं हे कामाच्या मूळ निविदेतच लिहून घ्यायचं. नंतर त्यासाठी वेगळं बजेट कोणी देत नाही.

दुकानदारांना शेवटी सांगणं

पार्किंग जाणार म्हटलं की व्यापारी पेटतात, आणि त्यांना कळतं ते जेसीबी आल्यावर. त्याआधी पिंपं आणि दोर लावून महिनाभर कच्चा ट्रॅक करून बघा. करोनानंतर २०२० साली केंद्र सरकारच्या सायकल उपक्रमात बऱ्याच शहरांनी असेच तात्पुरते ट्रॅक केले होते. चुकलं तर पिंप सरकवता येतं, काँक्रीट सरकत नाही.

नागरिकांनीही काम सुरू झाल्यावर ओरडण्यापेक्षा कार्यादेश निघायच्या आधी माहिती अधिकारात नकाशा मागावा. 'सायकल ट्रॅक हवा' असा अर्ज फाईलला लागतो. 'अमुक चौकातल्या जाळीच्या पट्ट्या आडव्या करा', सोबत फोटो, असा अर्ज कामाला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलंय, तेही अर्जात लिहावं. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न केल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामावरचा एक तरुण इंजिनिअर बुलेटचं पंक्चर काढायला दुकानात आला होता. वेळ लागणार होता, म्हणून त्याच्या हातात माझी जुनी सायकल दिली. म्हटलं, साहेब, विश्रामबागपर्यंत जाऊन या, आणि पाय किती वेळा टेकला ते मोजा. पाऊण तासाने घामाघूम होऊन आला. अकरा, म्हणाला. मग चहा घेता घेता त्याने माझ्या बिलबुकाच्या मागच्या बाजूला अकराही जागा लिहून काढल्या, आणि तो कागद फाडून घेऊन गेला. पंक्चरचे पैसे मी घेतले.