मोबाइलच्या जायरोस्कोपने रेकॉर्ड प्लेअरचा वेग कसा तपासावा

इंदुरात रामबागेकडच्या जुन्या मराठी घरांत माळा आवरताना अजूनही एखादा रेकॉर्ड प्लेअर निघतो. लावला की वाजतो, पण सूर उतरल्यासारखा वाटतो. अमीर खाँसाहेबांच्या गावात हे कोण खपवून घेणार! तबकडी खरंच हळू फिरते आहे का, हे खिशातला मोबाइल सांगू शकतो. काम त्यातल्या जायरोस्कोपचं, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागाचं.

फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोच्या १८५२ सालच्या जायरोस्कोपात फिरतं चाक होतं. मोबाइलमध्ये चाक नसतं. सिलिकॉनचा अगदी बारीक भाग सतत थरथरत ठेवलेला असतो. फोन फिरला की कोरिऑलिस परिणामामुळे (फिरणाऱ्या वस्तूवर हलणारी गोष्ट बाजूला ढकलली जाते, त्यामुळे) तो भाग आडवा सरकतो आणि त्यावरून फिरण्याचा वेग कळतो.

आधी ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप उतरवून त्यात जायरोस्कोप उघडा. स्वस्त फोनमध्ये कधीकधी जायरोस्कोपच नसतो. मग घरातला दुसरा फोन घ्या.

आता शून्य तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते मोजमापाचा जीव इथेच आहे. बंद तबकडीवर फोन पडदा वर करून ठेवा, मिनिटभर हात लावू नका. झेड अक्षाचा (पडद्यातून सरळ वर जाणाऱ्या रेषेभोवतीच्या फिरण्याचा) आकडा शून्य यायला हवा. थोडाफार वेगळा येतोच. त्याची सरासरी लिहून ठेवा.

मग टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, अडकवून ठेवा. मधली खुंटी आड येते, म्हणून भोक पाडलेला थर्माकोलचा तुकडा खाली घ्या आणि त्यावर फोन चिकटपट्टीने बसवा. फोन नेमका मध्यावर नसला तरी आकडा बदलत नाही, कारण तबकडीचा प्रत्येक बिंदू तेवढ्याच कोनीय वेगाने फिरतो. तरी मध्यावर ठेवलेला बरा, नाहीतर वजन एका बाजूला पडतं. अ‍ॅपमध्ये वेळ लावून ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. तबकडीला पूर्ण वेग आल्यानंतरचीच सरासरी घ्या.

एलपीचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे सेकंदाला २०० अंश. अ‍ॅप रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात दाखवतं, म्हणून ३.४९ यायला हवेत. ४५ फेऱ्यांना ४.७१. तबकडी घड्याळाच्या दिशेने फिरते, त्यामुळे आकडा ऋण येईल, घाबरू नका. त्यातून शून्याची सरासरी वजा करा. चिन्ह सोडून ३.४६ आले तर वेग सुमारे एक टक्का कमी. अर्ध्या स्वराचा फरक पडायला जवळजवळ सहा टक्के लागतात, तेव्हा एवढ्याने षड्ज ढळत नाही. त्याहून बराच कमी आला तर आधी तबकडी फिरवणारा पट्टा बघा. तो सैल पडलेला असतो.

याच फोनने पृथ्वीचं फिरणं मोजता येईल का? इंदूर सुमारे २२.७ अंश उत्तरेला. इथे सपाट ठेवलेल्या फोनच्या वाट्याला पृथ्वीच्या तासाला १५ अंशांपैकी जेमतेम ५.८ येतात, म्हणजे सेकंदाला ०.००००२८ रेडियन. फोनचं शून्यच त्याहून जास्त हलतं. त्या कामाला प्रकाशावर चालणारे महागडे जायरोस्कोप लागतात.