गावाचा आराखडा लोकांसोबत करताय? या चुका टाळा

"लोकच येत नाहीत हो." ग्रामसभेचा विषय निघाला की सरपंचापासून आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच वाक्य असतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांत विकास आराखड्याच्या बैठका घेताना मीही ते बरेच दिवस म्हणत होतो. मग एका म्हातारीनं विचारलं, "तुमी वेचणीच्या टायमालेच काहून बलावता जी?" मला उत्तर सुचलं नाही.

तारीख चुकते, बोल लोकांना लागतो

ग्रामसभा बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला लागते. या तारखा शेताच्या धुऱ्यावरून बघा. जानेवारीत कापसाची वेचणी सुरू असते. मे महिन्यात गडचिरोलीकडची घरंच्या घरं तेंदूपत्त्याला गेलेली, बाकीकडे उन्हानं जीव नकोसा. ऑगस्टात विदर्भाच्या पश्चिमेला निंदण, पूर्वेला धानाची रोवणी. ऑक्टोबरात सोयाबीन. त्यात सभा सकाळी अकराला. गावात उरतात म्हातारे आणि पानठेल्यावरची मंडळी.

मग गणपूर्ती होत नाही. ती असते मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तो. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पुढच्या खेपेला वीस डोक्यांत आराखडा मंजूर! कायद्यानं त्यात काही चूक नाही. पण त्या कागदाला गावाचा आराखडा म्हणायला जीभ रेटत नाही.

ठरावाची सभा तिच्या तारखेला होऊ द्या. खरं काम आधीच्या पंधरा दिवसांत करा: रात्री जेवणं आटोपल्यावर, एकेका वस्तीत, तासभर. गटग्रामपंचायत, म्हणजे अनेक गावांची मिळून एक, असेल तर टोल्यावर, तांड्यावर आपण जायचं, त्यांना बोलवायचं नाही. निरोप दवंडीनं द्या. व्हॉट्सॲपचा निरोप फोन ज्याच्या खिशात त्यालाच कळतो, आणि तो खिसा बहुधा सदऱ्याचा असतो.

'रिकामी जागा' नावाचा चकवा

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक हीच. एका गावात वेशीजवळ चांगली ऐसपैस जागा होती. कागदावर मोकळी. आम्ही तिथं बगीचा काढला: कुंपणभिंत, गट्टू, सिमेंटच्या बाका, व्यायामाची यंत्रं. काम देखणं झालं, फोटोही छान आले.

ती जागा म्हणजे गावाचा आखर. सकाळी गुराखी तिथं ढोरं जमवायचा. पोळ्याचं तोरण तिथंच बांधायचे, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन तिथंच यायची. त्या वर्षी पोळा डांबरी रस्त्यावर भरला. ट्रॅक्टर, दुचाक्या, बुजलेली जनावरं. बगीच्याला फाटक होतं, पण माणूस अंग तिरकं करून जाईल एवढंच. महिन्याभरात कोणीतरी मागची भिंत पाडली. पंचायतीनं तक्रार केली नाही, यातच काय ते आलं.

बरं, आम्ही लोकांना विचारलं नव्हतं असंही नाही. छापील नकाशा नेऊन "पटतं का?" असं विचारलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पाहुण्याला तोंडावर नाही कोण म्हणेल? अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात नुसतं मत विचारणं ही खालून चौथी पायरी आहे, आणि ती दिखाव्याच्या गटात मोडते. शिडी अमेरिकेतल्या शहरांकडे बघून केलेली, पण आमचा बगीचा त्या पायरीवर फिट्ट बसतो.

आता मी कुठलीही जागा 'रिकामी' लिहिण्याआधी पहाटे, भर दुपारी आणि दिवेलागणीला तिथं जाऊन बसतो. सणाचं तर विचारतोच.

नकाशा भिंतीवर नको, जमिनीवर

भिंतीवरच्या नकाशासमोर शिकलेला माणूस बोलतो, बाकीचे ऐकतात. अंगणात रांगोळी, गिट्टी, तुराट्या घेऊन गाव मांडायला सांगा, म्हणजे हात चालतात आणि मग तोंडं उघडतात. बायांचा गट वेगळा बसवा. पुरुषांच्या नकाशात देऊळ, रस्ता, पानठेला मोठा असतो. बायांच्या नकाशात हातपंप, सांडपाण्याची नाली आणि जिथं खांब आहे पण दिवा नाही तो बोळ. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की कामाचा क्रम निम्मा तिथंच ठरतो.

ग्रामसभेआधी महिलासभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी ती रजिस्टर घरोघरी फिरवून 'भरते'. असल्या सह्यांवर काम पुढे नेऊ नका.

पैसा लपवू नका

ग्रामपंचायतीला केंद्राकडून मिळणाऱ्या १५व्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. असं बंधन आधी न सांगता "काय पाहिजे?" विचारलं की लोक सभामंडप मागतात, आणि पुढच्या वर्षी तोंड दाखवायला जागा राहत नाही. आकडा पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहा.

बैठक पेटली तर

बहुतेकदा ती घरकुलावरून पेटते. "आजचा विषय तो नाही" म्हणून दाबू नका, आणखी भडकेल. पहिला अर्धा तास घरकुलालाच द्या, नावं लिहून घ्या, मग नकाशाकडे वळा. दोन गट अडून बसले तर हात वर करून मोजणी करू नका. हरलेला गट पुढं शेताकडच्या पांदणीवर खडी पडू देत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात विषय आधी अभ्यासगटात घोळतो, मग ग्रामसभेत येतो, आणि निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतो. वेळ लागतो. पण २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळवणारं गाव हेच.

राहिलेली एक चूक छोटी वाटते: मागच्या आराखड्याचं काय झालं ते न सांगणं. पंचायतीच्या भिंतीवर कामांची यादी रंगवा आणि न झालेल्या कामापुढे कारणही लिहा, 'निधी आला नाही' एवढं का होईना. आमच्या यादीत बोळातला दिवा दोन वर्षं तसाच होता. म्हातारी येता-जाता त्या ओळीवर बोट ठेवायची.