डेलीच्या काउंटरपुढे उभे राहण्यापूर्वी

न्यूयॉर्क किंवा जर्सी सिटीत नोकरीनिमित्त नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींना घरभाडे, बँकेचे खाते आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. दुपारी ऑफिसातून बाहेर पडल्यावर काय खावे, हे मात्र कोणी सांगत नाही. परिणामी जो तो सबवे या सँडविचच्या साखळी दुकानात जातो, कारण तिथे काचेमागे मांडलेल्या जिनसांकडे बोट दाखवले की काम भागते. मीही दोन वर्षे तेच केले. दहा-दहा वर्षे राहूनही त्या काचेपलीकडे न गेलेली, आणि वर ‘अमेरिकन खाण्याला चवच नसते’ असे ठासून सांगणारी आपली माणसे माझ्या चांगल्या परिचयाची आहेत.

कोपऱ्यावरच्या डेलीत, म्हणजे सांगाल तसे सँडविच करून देणाऱ्या दुकानात, बोट दाखवून भागत नाही, तिथे बोलावे लागते. आधी आत काय हवे, मग कोणत्या पावात, मग वरून काय, हे तीन भाग रांगेत असतानाच मनात जुळवून ठेवावेत आणि पाळी येताच एका दमात सांगावेत. तुमच्या उच्चारांचे तिथे कोणाला काही वाटत नाही, कारण काउंटरमागचा माणूस स्वतः बहुधा येमेनचा किंवा मेक्सिकोचा असतो. मागे आठ माणसे ताटकळत असताना ‘अजून काय काय मिळते?’ असे विचारणारा गिऱ्हाईक मात्र त्याला खपत नाही. सकाळी अंडे आणि चीज घातलेला गोल पाव मागितला की तो ‘मीठ, मिरपूड, केचप?’ असे इतक्या वेगाने विचारतो की तो एकच शब्द वाटतो. अंडे ज्या तव्यावर फुटते त्यावरच बेकन, म्हणजे डुकराचे मांस, भाजलेले असते, हे ज्यांना चालत नाही त्यांनी तो नाद सोडावा. लांब पावाच्या सँडविचला न्यूयॉर्कात ‘हीरो’ आणि फिलाडेल्फियात ‘होगी’ म्हणतात. पाटीवरच्या भावात कर धरलेला नसतो. न्यूयॉर्क शहरात तो ८.८७५ टक्के पडतो.

आता माझी चूक सांगतो, कारण दरवर्षी कोणीतरी ती नव्याने करताना मी पाहतो. भारतातून नुकत्याच आलेल्या पाच सहकाऱ्यांना मोठ्या ऐटीत मी एका नावाजलेल्या डेलीत नेले आणि कोणालाही न विचारता पाचही जणांसाठी पास्ट्रामी मागवली. पास्ट्रामी म्हणजे गोमांस, हे मला पक्के ठाऊक होते. ते त्यांना ठाऊक नसेल, हे माझ्या डोक्यातच आले नाही. दोघे शाकाहारी निघाले, दोघे गोमांस न खाणारे, आणि शंभराहून अधिक डॉलरचे सँडविच टेबलावर तसेच पडून राहिले. म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो: पदार्थाच्या नावावरून प्राणी ओळखू येत नाही. पास्ट्रामी आणि कॉर्न्ड बीफ गाईचे. कापिकोला, प्रोशुटो आणि बहुतेक मोर्तादेला डुकराचे. सलामी दोहोंपैकी कशाचीही असू शकते. ‘टूना सॅलड’ आणि ‘चिकन सॅलड’ यांतल्या सॅलड या शब्दाने फसू नये, ते मेयोनेझमध्ये कालवलेले मासे आणि कोंबडीच असते. ‘कोशर’ म्हणजे शाकाहारी, ही समजूत तर आपल्याकडे फारच पसरली आहे. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांत बसणारे. त्या नियमांनुसार मांस आणि दूध एकत्र येत नाही, एवढाच त्याचा तुमच्याशी संबंध.

गोमांस खाणाऱ्यांनी पास्ट्रामीसाठी ईस्ट ह्यूस्टन स्ट्रीटवरील, १८८८ पासून चालत आलेल्या काट्झला जावे. धने-मिऱ्यांचा जाड थर दिलेले, खारवून धुरावलेले आणि शेवटी वाफवलेले ते मांस तिथे हाताने कापतात. कापणारा आधी एक तुकडा चाखायला देतो, तेव्हा त्याच्या पेल्यात दोन डॉलर टाकावेत. दारात मिळालेले तिकीट काही न घेताही जाताना परत द्यावे लागते, ते हरवू नये. सोबत राय पाव आणि मोहरी पुरे. मेयोनेझ मागू नये. तिथे चीजही मिळते, कारण ते दुकान कोशर नाही. १९५४ साली सुरू झालेले सेकंड अॅव्हेन्यू डेली कोशर आहे, त्यामुळे तिथे चीज मागणे निरर्थक. माझी पसंती काट्झला, पण वर्षातून दोनदाच. एका सँडविचमध्ये दोघांचे पोट भरते. काट्झच्याच रस्त्यावर १९१४ पासूनचे रस अँड डॉटर्स आहे. तिथे मांस अजिबात नाही, मासे आणि दुधाचे पदार्थ आहेत. मत्स्याहारी कोकणी माणसाने बेगलवर, म्हणजे मध्ये भोक असलेल्या गोल पावावर, क्रीम चीज आणि लॉक्स, म्हणजे खारवलेला सामन मासा, तिथेच प्रथम चाखावा.

शाकाहाऱ्यांची खरी सोय इटालियन डेलीत आहे, आणि नेमके तिथेच ते जात नाहीत. जर्सी सिटीशेजारच्या होबोकनमधील फिओरेज हे माझे आवडते दुकान. ताजे मोझरेला, भाजलेल्या लाल मिरच्या, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर आणि कडक पापुद्र्याचा पाव, एवढ्यावर सबवेतली सगळी भाजी ओवाळून टाकावी. अनेक इटालियन चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, असते, म्हणून कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी ते विचारून घ्यावे, आणि मांस कापायच्या यंत्रावरच चीज कापतात हेही ध्यानात ठेवावे. हा सँडविच घेतल्यावर लगेच खावा. फ्रिजमध्ये ठेवल्यास मोझरेला रबरासारखे होते. मुंबईच्या सँडविचवाल्याची आठवण काढून घरची हिरवी चटणी त्यात लावणारे भेटतात; मी ती एकदा लावली, आणि मला केवळ चटणीचीच चव लागली.