ओला ओक, पसरट कुऱ्हाड आणि सूत: हाताने तुळई तासायला शिकताना

जुन्या वाड्याच्या माळ्यावर चढून टॉर्च तिरका धरला की तुळयांवर उथळ वाट्यांसारखे ठसे उठून दिसतात. ते वाकसाचे, म्हणजे कुदळीसारख्या आडव्या पात्याच्या सुतारी हत्याराचे घाव. पुण्यात आर्किटेक्चर शिकून वाड्यांच्या दुरुस्तीत काम करायला लागलो, तेव्हा मी हे ठसे मोजायचो, त्यांचे फोटो काढायचो. पण ते उमटतात कसे, माणूस उभा कुठे राहतो, एका घावात किती लाकूड निघतं, हे मला सांगता येत नव्हतं. त्या एका प्रश्नापायी मी फ्रान्समधल्या एका छोट्या सुतारशाळेत सहा महिने काढले. आता हे काम शिकू बघणारी मुलंमुली मला विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

फ्रान्सच का, तर तिथे हे काम आजही पोटापाण्याचं आहे. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र दामला आग लागली आणि छपराचा मध्ययुगीन लाकडी सांगाडा जळून गेला. त्याला लोक ‘अरण्य’ म्हणत. सुदैवाने रेमी फ्रोमाँ आणि सेड्रिक त्राँतसो या दोन वास्तुरचनाकारांनी २०१४ मध्ये त्या सांगाड्याची बारकाईने मोजणी करून ठेवली होती. तरी हे पुन्हा हाताने होईल का, अशी शंका होतीच. सुतारांनी उत्तर करून दाखवलं. त्यांनी मूळ मापाची एक पूर्ण कैची, म्हणजे छपराला पेलणारी त्रिकोणी चौकट, कुऱ्हाडींनी घडवली आणि सप्टेंबर २०२० मध्ये कॅथेड्रलसमोरच्या चौकात दोरांनी ओढून उभी केली. पुढे छपराचा सांगाडा ओल्या ओकच्या हाताने तासलेल्या तुळयांचाच झाला. त्यासाठी अल्सासमधल्या एका लोहारशाळेने सुमारे ६० कुऱ्हाडी जुन्या घडणीप्रमाणे घडवल्या. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल उघडलं. एखादं कसब जिवंत ठेवायचं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. नवशिक्याची नजर पहिल्यांदा कुऱ्हाडीवर जाते. माझीही गेली. पण तुळई सरळ होणार की वाकडी, हे कुऱ्हाड उचलण्याआधीच ठरलेलं असतं. पहिला निर्णय झाडाचा. जुने सुतार अजस्र वृक्ष तोडून त्यातून तुळया काढत नसत. तुळईच्या मापाहून थोडंच जाड, सडपातळ आणि दाट रानात सरळ वाढलेलं झाड निवडत. चारी बाजूंनी पातळ थर गेला की गाभा बरोबर मध्ये राहतो. शिवाय झाड जिथे किंचित वळलेलं असतं तिथे तुळईही त्याच्यासोबत वळते, लाकडाच्या अंगच्या रेषा तुटत नाहीत. करवत सरळ जाते आणि वळणावर रेषा कापून टाकते.

दुसरा निर्णय ओंडका बसवण्याचा. ओंडका दोन आडव्या लाकडांवर ठेवायचा, त्याची कमान वर किंवा खाली येईल असा फिरवायचा आणि दोन्ही टोकं वळवलेल्या लोखंडी आकड्यांनी पक्का ठोकायचा. मग दोन्ही तोंडांवर ओळंबा धरून उभी रेघ, गुण्याने आडवी रेघ, आणि त्यावरून तुळईचा चौकोन. एका तोंडावरच्या चौकोनाच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या तोंडावरच्या कोपऱ्यापर्यंत रंगात भिजवलेलं सूत ताणून मारायचं. आपले गवंडी मारतात तसंच.

माझी पहिली मोठी तुळई इथेच वाया गेली. एका तोंडावर आखणी केली, दुसऱ्या तोंडाकडे जाताना एक आकडा सैल होता आणि ओंडका अंगठ्याएवढा कलला. मी ओळंबा परत पहिल्या तोंडावर धरून बघितला नाही. दोन दिवस मन लावून तासलं, प्रत्येक बाजू स्वच्छ निघाली, आणि शेवटी कळलं की तुळईला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पीळ पडला आहे. तसल्या तुळईत सांधा बसत नाही. म्हणून कळकळीने सांगतो: दुसरं तोंड आखून झालं की पहिल्यावर परत या, ओळंबा पुन्हा सोडा. दोन मिनिटं लागतात.

मग खाचा. ओंडक्यावर उभं राहून साध्या, निमुळत्या कुऱ्हाडीने साधारण हातभर अंतरावर सुताच्या रेघेच्या अलीकडेपर्यंत खाचा पाडायच्या. दोन खाचांमधला तुकडा ढलपी होऊन एका तिरक्या घावात सुटतो. गाठ असेल तिथे खाचा जवळजवळ घ्या, नाहीतर ढलपी गाठीमागून आत फाटत जाते. खाच रेघेच्या आत गेली तर तिचा व्रण तयार तुळईवर कायमचा राहतो. जुन्या इमारतींतले हे व्रण अभ्यासकांना फार मोलाचे वाटतात, कारण त्यावरून सुतार कुठून कुठे सरकत गेला ते वाचता येतं. माझ्या तुळयांवर सुरुवातीला ते मोजता येणार नाहीत इतके होते.

पसरट कुऱ्हाड येते ती यानंतर. तिला फ्रेंचमध्ये दोलुआर म्हणतात. एका प्रकाराला तर पात्याच्या आकारावरून ‘मेंढीचा खांदा’ असंच नाव आहे. वजन साधारण २ ते ३.५ किलो. तिची धार एकाच बाजूने पाजवलेली असते, आपल्या पटाशीसारखी. सपाट बाजू लाकडाला लागून उतरते आणि दांडा बाहेरच्या अंगाला वळवलेला असतो, म्हणजे बोटांची हाडं लाकडावर सोलवटत नाहीत. उजव्या-डाव्या हाताची कुऱ्हाड वेगळी असते. जुनी विकत घेताना हे आधी बघा, आणि नेढ्याला, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाला, चीर आहे का तेही. सपाट बाजूलाही धारेपाशी अगदी हलका बाक असतो, त्यामुळे कोपरे लाकडात रुतत नाहीत. हा बाक ‘चूक’ समजून सहाणेवर घासून काढू नका.

हिच्याने तोडायचं नसतं, सोलायचं असतं. घाव वरून सरळ खाली, कुऱ्हाडीच्या स्वतःच्या वजनाने. हाताचं काम फक्त दिशा देण्याचं. आपला वाकस आडव्या पृष्ठावर, पायांच्या मधे चालतो आणि त्याची धार दांड्याला आडवी असते. ही कुऱ्हाड उभ्या बाजूवर चालते. जपानी सुतारांकडे दोन्ही आहेत: मासाकारी कुऱ्हाड आधी, चोना नावाचा वाकस नंतर. वाड्यांवरचे ठसे वाट्यांसारखे आणि फ्रान्समधले लांब, सपाट पट्ट्यांसारखे का, ते मला तिथे पहिल्यांदा उमगलं.

पाय कुठे आहे ते प्रत्येक घावाआधी बघा. घावाच्या रेषेत पाऊल नको. दमलात तर थांबा. दमल्यावर इजा लवकर होतात.

लाकूड ओलंच हवं. ताजा ओक मऊ कापला जातो, वाळला की तोच दगडासारखा होतो. ओकमधलं टॅनिन लोखंडाला लागून हात निळेकाळे होतात, हिरड्याच्या शाईत बुडवल्यासारखे. आठवडाभर जात नाहीत. कुऱ्हाड मात्र रोज पुसून तेल लावून ठेवावीच लागते.

इथे सराव करायचा तर साग घेऊ नका, महाग पडतो. वादळात पडलेला आंबा, सुबाभूळ, निलगिरी, काहीही चालेल; तोडीची आणि वाहतुकीची परवानगी लागते का ते आधी वनखात्याकडे विचारा. दोन मीटर लांब, वीतभराहून थोडा जाड, कमी गाठींचा ओंडका पुरे.

कमाईचं स्पष्ट सांगतो. नुसतं तासून घर चालत नाही. दुरुस्ती, सांधेकाम, मोजणी, आखणी हे सगळं यावं लागतं. फ्रान्सला जायचं तर आधी फ्रेंच शिका. कामाच्या जागी इंग्रजी फारशी चालत नाही. तिथल्या सुतारकामातली आखणीची परंपरा २००९ मध्ये युनेस्कोच्या वारशात नोंदली गेली, आणि गावोगाव फिरून शिकण्याची काँपान्योनाज ही पद्धत २०१० मध्ये. बर्गंडीतल्या गेदलाँला १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने किल्ला बांधला जातो आहे. तिथे दिवसभर नुसतं उभं राहून बघितलं तरी खूप कळतं.

परतल्यावर साताऱ्याकडच्या एका वाड्यात कुजलेल्या तुळईचं टोक बदलायचं होतं. गावातल्या वयस्क सुतारकाकांकडे वाकस होता, माझ्याकडे कुऱ्हाड. काकांनी सूत मारलं, मी उभी बाजू काढली, वरची त्यांनी घेतली. सांधा ठोकायच्या आधी काकांनी दोन्ही तोंडांवर ओळंबा धरला, आणि मग पहिल्या तोंडावर परत आले.